मासळी : बाजारापासून ताटापर्यंत



महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. नव्या मोजणीनुसार ही लांबी सुमारे ८७८ किलोमीटर भरते. आकडा कोणताही घ्या. या किनाऱ्यावर उतरणारी मासळी आज बर्फाच्या पेट्यांतून रातोरात घाट चढते आणि सांगली, सोलापूरच्या बाजारापर्यंत पोहोचते. तरीही घाटावरील कित्येक शेतकरी कुटुंबांत कोंबडी महिन्यातून तीन-चार वेळा शिजते, समुद्राची मासळी मात्र हॉटेलात गेल्यावरच ताटात येते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आम्हाला ते जमत नाही."

भात आणि नाचणीच्या लागवडीविषयी लिहिणाऱ्या हाताने मासळीच्या स्वयंपाकावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु माझे माहेर सोलापूर जिल्ह्यातील. तेथे मासा म्हणजे उजनीचा, रोहू, कटला किंवा चिलापी. नोकरीनिमित्त कोकणात आल्यावर बाजारातल्या पंचवीस-तीस प्रकारच्या मासळीसमोर मीही गोंधळून उभी राहत असे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेडेगावात राहावयास येणारे घाटावरचे विद्यार्थी दरवर्षी हेच प्रश्न विचारतात : ताजी कशी ओळखायची? किती वेळ शिजवायची? वास कसा घालवायचा? त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्रित देण्याचा प्रयत्न केला आहे. पाककृती अगदी सोप्या आहेत. मासळी शिजायला मटणासारखा तास लागत नाही, दहा मिनिटे पुरतात. खरे कौशल्य चुलीवर नाही, ते चुलीपूर्वीच्या दोन-तीन तासांत आहे. तेथे हयगय झाली तर कोणताही मसाला ती भरून काढू शकत नाही.

स्वस्त मासळी हलकी नव्हे

पाहुणे आले की पापलेट किंवा सुरमई, असा शिरस्ता पडला आहे. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला, त्याची चव आणि मान याबद्दल वाद नाही. परंतु घरच्या आहाराचा विचार करता बांगडा, तारली, मांदेली, बोंबील यांच्याकडे वळणे शहाणपणाचे आहे. बहुतेक ताज्या मासळीत १०० ग्रॅम खाद्य भागामागे साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. पापलेटमध्ये असतात तशी बांगड्यातही असतात. उलट बांगडा व तारली हे तेलकट मासे असल्याने हृदयाला उपयुक्त ठरणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्यांत पापलेटपेक्षा अधिक मिळतात. मांदेलीसारखी बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली जाते, त्यामुळे चुनाही मिळतो. बोंबील यांत थोडा वेगळा. त्यात पाण्याचा अंश फार जास्त, म्हणून वजनाच्या मानाने प्रथिने कमी. हाच बोंबील वाळवला की मात्र तो प्रथिनांचा गोळाच होतो.

तारलीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बरीचशी तारली पश्चिम किनाऱ्यावरील मत्स्यकुटीच्या कारखान्यांत जाते आणि तेथून कोंबडी व कोळंबीच्या खाद्यात. म्हणजे जो मासा आपण 'हलका' म्हणून बाजारात सोडून येतो, त्याचीच कूट पोत्यातून विकत आणून आपण कोंबड्यांना घालतो. कोंबडी बाळसे धरते आणि घरातील लहान मूल तसेच राहते!

भाव विचारताना खाद्य भागाचा हिशेब मनात ठेवावा. एक किलो बांगड्यात डोकी व आतडी काढल्यावर साधारण ६०० ते ६५० ग्रॅम माल हाती येतो. कोळंबी सोलल्यावर निम्मी उरते. एक किलो तिसऱ्यांतून मांस निघते जेमतेम १०० ते १५० ग्रॅम. तिसऱ्या चवीसाठी घ्याव्यात, पोट भरण्यासाठी नव्हेत.

आणखी एक. बोटभर लांबीचे पापलेट किंवा सुरमईची पिल्ले स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत. राज्य शासनाने २०२३ मध्ये अनेक प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. बियाण्याचे भात खाऊन टाकणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही, हाही तसाच प्रकार.

ताजी मासळी कशी ओळखावी

डोळे प्रथम पाहावेत. ताज्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत असतात. शिळ्याचे खोल गेलेले आणि पांढुरके. नंतर कल्ला उचलावा. आतील रंग लालभडक हवा. तपकिरी, करडा, चिकट कल्ला दिसला की पुढे चालावे. बोटाने पाठीवर दाबून पाहावे, खळगा पडून तसाच राहिला तर मासा शिळा. पोट फुटलेला बांगडा किंवा तारली कधीही घेऊ नये, कारण या माशांचे पोटच प्रथम कुजते. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, घाण येत नाही. "मासा म्हणजे वास येणारच" ही समजूत ज्यांनी शिळाच मासा पाहिला आहे त्यांची आहे.

सुरमईचे तुकडे घेताना डोळे-कल्ले पाहायला मिळत नाहीत. अशा वेळी शक्यतो अख्खा मासा पाहून समोर तुकडे करून घ्यावेत. कोळंबीचे डोके अंगाला घट्ट चिकटलेले असावे, लोंबणारी, डोके काळे पडलेली कोळंबी नको. खेकडा जिवंत आणि हातात जड लागणारा घ्यावा. अमावास्येच्या सुमारास चिंबोऱ्या भरलेल्या असतात असे किनाऱ्यावरील जाणकार सांगतात आणि गिऱ्हाईकही त्या बेताने बाजारात येते. तिसऱ्यांची शिंपली मिटलेली हवी. उघडी असेल तर टिचकी मारावी, मिटली तर जिवंत, न मिटली तर टाकून द्यावी.

तिसऱ्या, कालवे हे प्राणी पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातील घाणही त्यांच्यात साठते. ज्या खाडीत गावाचे किंवा कारखान्याचे सांडपाणी येते, तेथील तिसऱ्या फुकट मिळाल्या तरी खाऊ नयेत.

बर्फ, वेळ आणि 'बाधलेला' बांगडा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. आठवडी बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊ वाजता बाजारात शिरल्याबरोबर स्वस्त आणि ताजा बांगडा दिसला म्हणून किलोभर घेतला. प्लॅस्टिकची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. नंतर बँकेचे काम, खताचे दुकान, तलाठी कार्यालय, चहा. घरी पोहोचायला दोन वाजले. मासा संध्याकाळी साफ केला, रात्री झणझणीत कालवण झाले. जेवण होऊन अर्धा-पाऊण तास झाला नाही तोच घरातील दोघांचे तोंड लालबुंद, कपाळ ठणकते आहे, अंगाला खाज, कोणाला उलटी. दुसऱ्या दिवशी निष्कर्ष निघतो, "बांगडा उष्ण, आपल्याला सोसत नाही." आणि त्या घरात बांगडा कायमचा बंद होतो.

दोष बांगड्याच्या उष्णपणाचा नसतो. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबेत राहिला की त्यावरील जिवाणू वाढतात आणि या हिस्टिडीनचे रूपांतर हिस्टामिनमध्ये करतात. हा पदार्थ पोटात गेला की वरील लक्षणे दिसतात. घास घेतानाच जीभ चुरचुरली किंवा मिरीसारखी झणझणली तर तो घास तेथेच टाकावा. येथे लक्षात ठेवण्याची बाब अशी की, हिस्टामिन एकदा तयार झाले की ते उकळून, तळून, मीठ-मसाला लावून किंवा गोठवूनही नाहीसे होत नाही. शिजवल्याने जिवाणू मरतात, त्यांनी करून ठेवलेले विष राहते. शिवाय अशा माशाला दरवेळी वास येईलच असेही नाही. बहुतेकांना काही तासांत आराम पडतो, परंतु श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करीत न बसता दवाखाना गाठावा.

उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे : बर्फ. आपल्या हवेत एक किलो मासळीस एक किलो बर्फ हे प्रमाण धरावे. बर्फाची लादी फोडून बारीक चुरा करावा, मोठे खडे माशाला सर्व बाजूंनी भिडत नाहीत. झाकणाचा थर्माकोलचा डबा दर वेळी सोबत नेणे सर्वांत उत्तम. तो नसेल तर दुधाची किटली चालते, तिला वरून ओले पोते गुंडाळावे. तळाशी बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ. वितळलेले पाणी मधून मधून काढून टाकावे, त्या रक्ताळलेल्या पाण्यात मासा पोहत ठेवू नये. बाजारात मासळीची खरेदी सर्वांत शेवटी करावी. तलाठी कार्यालय आधी, बांगडा नंतर! घरी आल्याबरोबर साफ करून शिजवावी किंवा फ्रीजमध्ये, शक्य तर बर्फासह, ठेवावी व दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी. विक्रेत्याच्या टोपलीत बर्फ नसेल आणि ऊन चढले असेल, तर बांगडा आणि तारली त्या दिवशी घेऊच नये. मावशींशी घासाघीस भावाची करतो तशी बर्फाचीही करावी. गिऱ्हाईक मागू लागले की बर्फ येऊ लागतो.

ज्यांना कोळंबी, खेकडा किंवा तिसऱ्यांची खरोखरीच ॲलर्जी आहे, त्यांचा प्रश्न निराळा. तो बर्फाने सुटत नाही. त्यांनी हे पदार्थ ताज्यातले ताजेही टाळावेत. तसेच गरोदर स्त्रिया व लहान मुलांना मोरी किंवा फार मोठ्या आकाराचे शिकारी मासे वारंवार देऊ नयेत, त्यांच्यात पाऱ्याचा अंश साठतो. लहान मासळीबाबत ही चिंता राहत नाही.

साफसफाई

खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढावेत. पर छाटावेत, पोट फाडून आतडी व काळे अस्तर काढावे, कल्ले काढून टाकावेत. सर्व धुणे अख्ख्या माशाचे करावे. तुकडे केल्यानंतर पुनःपुन्हा धुतले तर चव पाण्यात जाते. कोळंबीच्या पाठीवर चीर देऊन काळा धागा काढावा. साफ केलेल्या मासळीस हळद, मीठ आणि थोडे कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस चोळून १५ मिनिटे ठेवावी. मासळीचा वास हा प्रामुख्याने अमाईन वर्गातील विम्लधर्मी पदार्थांचा असतो, आम्लाने तो मारला जातो. कोकम, चिंच, कैरी, आंबाडे यांचा मासळीशी जो पिढ्यान्पिढ्यांचा संबंध आहे त्यामागे हे शास्त्र आहे. हातांचा वासही त्याच न्यायाने लिंबाच्या सालीने जातो.

बांगड्याचे तिखले

पहिल्यांदाच मासा शिजवणाऱ्याने येथून सुरुवात करावी. वाटण नाही, फोडणी नाही, बिघडण्यासारखे काही नाही.

साहित्य (५ व्यक्तींसाठी) : मध्यम आकाराचे बांगडे ६, लाल तिखट २ मोठे चमचे (निम्मे बेडगीचे असल्यास रंग चांगला येतो), हळद अर्धा चमचा, आले-लसूण ठेचून १ चमचा, आमसुले ६ ते ७, तिरफळे ८ ते १०, खोबरेल तेल २ मोठे चमचे, मीठ चवीनुसार, पाणी दीड वाटी.

कृती : बांगडे साफ करून प्रत्येकी दोन किंवा तीन तुकडे करावेत. तिरफळे थोड्या पाण्यात भिजवून, आतील काळे बी काढून टाकावे आणि वरील साल हलकेच ठेचावी. पातेल्यात तिखट, हळद, मीठ, आले-लसूण, आमसुले व अर्धे तेल पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवावे. उकळी आली की तुकडे एका थरात लावावेत, झाकण ठेवून सात-आठ मिनिटे शिजू द्यावेत. चमचा घालून ढवळू नये, मासा मोडतो. पातेले फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवावे. रस अंगाबरोबर आला की तिरफळे व उरलेले कच्चे खोबरेल घालून झाकावे आणि आच बंद करावी. दहा मिनिटांनी वाढावे.

भांडे मातीचे किंवा स्टीलचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमसुलाचा आंबट पदार्थ कधीही शिजवू नये.

येथे शेतीच्या अंगाने दोन शब्द. तिरफळाचा वृक्ष कोकणात रानात व बांधावर आपोआप वाढतो. खोडावर काटे असल्याने तोडणी जिकिरीची असते, त्यामुळे पुष्कळदा फळे झाडावरच राहतात. बांगडा-तारलीच्या तेलकटपणावर तिरफळासारखा दुसरा उतारा नाही, आणि पापलेट-सुरमईला ते चुकूनही घालू नये, त्यांची नाजूक चव पार झाकून जाते. कोकमाच्या बाबतीत 'कोकण अमृता' व 'कोकण हातिस' या विद्यापीठाच्या जाती उपलब्ध आहेत. परसात एक-दोन झाडे असली की वर्षभराची आमसुले घरची होतात. घाटावर कोकम नसेल तर चिंच वापरावी. चव वेगळी येईल, वाईट येणार नाही.

नारळाच्या वाटणाचे कालवण

ही कृती कोणत्याही मासळीस चालते, कोळंबीसही. अर्धा ओला नारळ खवून घ्यावा. त्यात भिजवलेल्या ८ ते १० बेडगी मिरच्या, १ मोठा चमचा धणे, ५-६ मिरीदाणे, अर्धा चमचा हळद व एक लहान कांदा घालून गंधासारखे बारीक वाटावे. दोन चमचे तेलावर ठेचलेला लसूण तांबूस करून त्यावर वाटण परतावे, हवे तेवढे पाणी, मीठ व पाच-सहा आमसुले घालावीत. आता मासा घालण्याची घाई करू नये. वाटणाला प्रथम चांगली उकळी येऊ द्यावी, मिरचीचा कच्चा वास गेला पाहिजे. मगच तुकडे सोडावेत.

मटणाची सवय असलेल्यांची चूक नेमकी येथे होते. मटणातील तंतू लांब व बांधणी चिवट असते, म्हणून ते जितके शिजेल तितके मऊ होते. माशाचे तंतू आखूड असतात आणि त्यांना बांधून ठेवणारा भाग लवकर विरघळतो. बोटभर जाडीचा तुकडा पाच ते सात मिनिटांत शिजतो. काट्यापासून मांस सहज सुटू लागले व आतील रंग पारदर्शकाचा पांढरा झाला की उतरवावे. पुढे शिजवत राहिल्यास मासा मऊ होत नाही, कोरडा होऊन भुसभुशीत होतो. कोळंबी तर रबरासारखी होते. तिला तीन-चार मिनिटे पुरेत. कुकरची शिट्टी मासळीसाठी नव्हे.

घाटावर ओला नारळ महाग पडतो. सुके खोबरे भाजून, त्यात थोडे तीळ मिसळून केलेले वाटण चालते. कांदा-लसूण मसालाही चालतो, मात्र जेमतेम एक चमचा. पळीभर घातला तर कालवण झकास होते, पण मासा कोठे गेला ते शोधावे लागते.

शेततळ्यातील रोहू-कटला याच पद्धतीने करता येतात. त्यांत वाय आकाराचे बारीक काटे असतात, मुलांना देताना सांभाळावे.

तळलेले बोंबील आणि मांदेली

ओले बोंबील तळताना तव्यावर विरघळले, ही तक्रार नेहमीची. कारण वर आले आहेच : पाणी. बोंबलाचे डोके, पर, शेपूट छाटून तो पोटाकडून उभा चिरून पुस्तकासारखा उघडावा, मधला काटा काढावा. मीठ लावून स्वच्छ फडक्यावर पसरावा, वर दुसरे फडके घालून पाटा किंवा जड तसराळे अर्धा तास ठेवावे. पुष्कळ पाणी निघून जाते. मग तिखट, हळद, लसूण व आगळ यांचा दाट लेप लावून, दोन भाग तांदळाचे पीठ व एक भाग रवा यांच्या मिश्रणात घोळवून, चांगल्या तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूस तीन-चार मिनिटे तळावा. उलटण्याची घाई करू नये, कड सोनेरी होऊन तव्यापासून सुटली की उलटावा. गिरणीवर भरडताना निघालेली कणी या पिठासाठी उत्तम. कणीचे जरा सरबरीत पीठ लावले की वरचे आवरण अधिक कुरकुरीत होते, हा अनेक घरांतील अनुभव आहे.

मांदेलीला एवढे सोपस्कार नकोत. डोके काढून धुवावी, तिखट-मीठ-हळद-आगळ लावून त्याच पिठात घोळवून कडक तळावी. काटे काढू नयेत.

तिसऱ्यांचे सुके

तिसऱ्या तीन-चार पाण्यांतून चोळून धुवाव्यात. पातेल्यात अर्धी वाटी पाण्यासह झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे वाफवल्या की शिंपले आपोआप उघडतात, विळीवर बोटे कापून घेण्याची गरज नाही. जे शिंपले उघडले नाहीत ते टाकून द्यावेत. खाली साठलेले पाणी फडक्याने गाळून ठेवावे, सारी चव त्यात असते आणि वाळू तळाशी राहते. एक कापट मांसासह ठेवून रिकामे कापट काढावे. तेलावर दोन कांदे परतून त्यात तिखट, हळद, गरम मसाला, तिसऱ्या, गाळलेले पाणी व तीन-चार आमसुले घालावीत, पाणी आटले की भाजून वाटलेले वाटीभर खोबरे मिसळावे. मीठ शेवटी चव पाहूनच घालावे, तिसऱ्या मुळातच खारट असतात.

पावसाळ्यासाठी सुकी मासळी

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हाच भाताच्या पेरणी-लावणीचा काळ. दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या माणसांना प्रथिनांची गरज याच दिवसांत सर्वांत अधिक. कोकणात म्हणूनच मे महिन्यात 'आगोट' भरण्याची, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याची रीत आहे, आणि त्यात सुके बोंबील, सोडे, जवळा यांना कांदा-मिठाइतकेच मानाचे स्थान असते. घाटावरच्या वाचकांनी ही रीत जरूर उचलावी. सुक्या मासळीला बर्फ लागत नाही.

वाळूवर पसरून वाळवलेल्या मालापेक्षा बांबूच्या मांडवावर किंवा जाळीवर वाळवलेला माल घ्यावा. मुठीत दाबला असता तो कडक वाजला पाहिजे. मऊ, दमट, लालसर डाग किंवा बुरशी असलेला, खवट वासाचा माल नको. घरी आणल्यावर दोन कडक उन्हे देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली मासळी बेताने खावी. जवळा व बोंबील बहुधा मीठ न लावता वाळवतात, ते त्यांना बरे.

जवळ्याची कृती अशी : १०० ग्रॅम जवळा कोरड्या तव्यावर मंद आचेवर खमंग भाजावा, हाताने चुरून चाळावा म्हणजे मिशा व वाळू निघून जाते. पटकन एका पाण्यातून काढून पिळावा. तेलावर ठेचलेला लसूण, तीन चिरलेले कांदे, चार हिरव्या मिरच्या परतून हळद, जवळा व चार आमसुले घालून पाण्याचा हबका मारावा व झाकण ठेवून पाच मिनिटे शिजवावा. वर ओले खोबरे व कोथिंबीर. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर पाच माणसांना पुरतो. लावणीवरच्या न्याहारीला बांधून नेण्यासारखा याहून सोयीचा पदार्थ मला तरी ठाऊक नाही.

उरलेले कालवण आणि उरलेला कचरा

मासळीचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरते हे खरे. परंतु ते रात्रभर ओट्यावर उघडे ठेवून मुरवू नये. जेवणे होताच, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि खाताना खळखळ उकळावे. फ्रीज नसेल तर एका जेवणापुरतेच करावे.

कोळंबीची डोकी व साले फेकू नयेत. धुऊन दोन पेले पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळलेले पाणी कालवणात वापरावे. त्यानंतरचा चोथा, माशांची आतडी, खवले, कल्ले आणि धुतलेले पाणी माडाला द्यावे. बुंध्यापासून चार-पाच फुटांवर हातभर खोल खड्डा करून त्यात टाकावे, वर शेणखत किंवा पालापाचोळा आणि किमान वीतभर माती घालून दाबून घ्यावे. उथळ पुरले तर रात्रीतून कुत्री उकरून काढतात. खारवलेल्या मासळीचे मिठाळ पाणी मात्र माडाव्यतिरिक्त कोणत्याही झाडाला, विशेषतः मिरी आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांत, जाऊ देऊ नये.